साडेपाच वर्षांच्या मुलाला टीएमएस द्यावं का?

प्रश्न: आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. दहा-बारा शब्द बोलतो. पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापर्यंत नेतो. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) चालू आहे. आता एका सेंटरनं 'ब्रेन मॅपिंग' करून टीएमएसच्या, म्हणजे डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरून मेंदूवर करायच्या उपचाराच्या, ३० सिटिंग सांगितल्या आहेत, पॅकेज दीड लाखाचं आहे. ऑपरेशन नाही, औषध नाही, साइड इफेक्ट नाही, असं ते म्हणतात. तिथं भेटलेल्या एका आईच्या मुलाचा आय कॉन्टॅक्ट वाढला म्हणे. मिस्टरांचं म्हणणं, करून बघायला काय हरकत आहे, दागिने मोडू. घरी वापरायचं छोटं मशीन ऑनलाइन मिळतं असंही कुणी सांगितलं. अलीकडे तो मधेच काही सेकंद एकटक बघत राहतो, हाक मारली तरी त्याला कळत नाही. सेंटरवाले म्हणाले, ऑटिझममध्ये असं होतंच. आम्ही काय करावं?

उत्तर: ताई, तुमच्या पत्राच्या शेवटी त्याच्या एकटक बघण्याबद्दल आहे ते मी सगळ्यात आधी घेते, कारण बाकीचं थांबू शकतं, ते थांबू शकत नाही.

मूल एकटक बघत राहतं आणि हाकेला ओ देत नाही, हे बऱ्याचदा खरंच स्वतःत रमणं असतं. पंख्याकडे किंवा उन्हाच्या तिरिपेकडे बघता बघता ते हरवतं, आणि आवडीच्या बिस्किटाचा पुडा वाजवला, पोटाला गुदगुल्या केल्या, की परत येतं. पण आकडी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस येणं एवढंच असतं. काही आकड्यांमध्ये मूल नुसतं थिजतं. पापण्या फडफडतात, ओठ चाटल्यासारखे हलतात, तोंडातला घास तसाच राहतो, अंगाला हात लावला तरी भान येत नाही. काही मुलांना त्यानंतर गळून गेल्यासारखी झोप येते. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांमध्ये अपस्माराचं, म्हणजे वारंवार आकडी येण्याचं, प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि बौद्धिक वाढही मागे असेल तर ते आणखी वाढतं. तेव्हा पुढच्या वेळी असं झालं की घरातल्या एकानं मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा आणि दुसऱ्यानं त्याच्या खांद्याला हात लावून बघावा. किती सेकंद चाललं, नंतर तो कसा होता, हे लिहून ठेवा. ते घेऊन मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना भेटा. गरज वाटली तर ते ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, सांगतील, शक्यतो त्यात झोपेतली नोंदही असावी. हे सगळं होईपर्यंत त्याच्या डोक्याजवळ कुठलीही कॉइल जाता कामा नये. ही गोष्ट ऐकूनही ज्यांनी तुम्हाला पहिल्या सिटिंगची तारीख दिली, त्यांच्याबद्दल माझं मत तिथंच ठरलं.

आता मूळ प्रश्न. माझं उत्तर आहे, हे पॅकेज घेऊ नका. का, ते नीट सांगते, कारण नुसतं 'नको' म्हटलं तर रात्री बारा वाजता तो विचार परत डोक्यात येईल, आणि दागिने मोडायचे की नाही हे तुम्हाला ठरवायचं आहे, मला नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि गेली अकरा वर्षं टीएमएसचं मशीन रोज वापरते. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याची माणसं चौथ्या आठवड्यात स्वतःहून आंघोळ करून, केस विंचरून आलेली मी पाहिली आहेत. हे मशीन थोतांड आहे असं मी कधीच म्हणणार नाही. त्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ प्रचंड विजेचा झोत जातो, त्यानं चुंबकीय क्षेत्र उमटतं आणि विरतं, आणि त्या बदलत्या क्षेत्रामुळं कवटीखालच्या मेंदूत बारीकसा प्रवाह तयार होतो. शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे माणसावर करून दाखवलं. हाताचं काम बघणाऱ्या भागावर कॉइल धरली की अंगठा आपोआप उडतो. क्षेत्र एमआरआयच्या चुंबकाइतकं तीव्र असलं तरी नेहमीच्या कॉइलची पोच दोन-तीन सेंटिमीटर खोलच, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरापर्यंत. ढोबळ नियम असा, की सेकंदाला असा एक झोत, म्हणजे एक ठोका, दिला तर तो भाग शांतावतो आणि पाच किंवा त्याहून जास्त दिले तर चेततो. दिवसाआड दिवस नाही, रोज, चार ते सहा आठवडे दिले की परिणाम रुजायला लागतो. औषधं आणि उपकरणं तपासून मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि ओसीडीसाठी (मंत्रचळासाठी) २०१८ मध्ये याला मान्यता दिली. ऑटिझमसाठी दिलेली नाही.

मग ऑटिझमसाठी हे सुचलं कुणाला, तर त्यामागचा विचारही उथळ नाही. मेंदूत चेतवणाऱ्या आणि आवरणाऱ्या पेशींचा तोल असतो. तो तोल ऑटिझममध्ये चेतवण्याच्या बाजूला झुकलेला असावा, अशी मांडणी रुबेनस्टाइन आणि मर्झेनिक यांनी २००३ मध्ये केली. त्याच सुमारास अमेरिकेत लुईव्हिलला मॅन्युएल कॅसानोवा यांना मेंदूच्या सालीतले पेशींचे उभे खांब स्वमग्न व्यक्तींमध्ये जास्त अरुंद आणि दाटीचे दिसले. त्यांनी म्हटलं, संथ ठोक्यांनी कपाळामागचा भाग शांत करून बघू. मुलांच्या चिडचिडीत आणि त्याच-त्याच हालचालींत फरक पडल्याचं त्यांनी नोंदवलं. पण त्या सुरुवातीच्या बहुतेक प्रयोगांत तुलनेला होती ती रांगेत थांबलेली मुलं. उपचार मिळालेली मुलं आणि न मिळालेली मुलं. खोटं मशीन लावलेली मुलं नव्हती. हा फरक फार मोठा आहे, आणि तुमचा दीड लाख त्याच फरकावर उभा आहे.

त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगते. सिक्रेटिन नावाचं संप्रेरक पोटाच्या एका तपासणीसाठी शिरेतून देतात. अमेरिकेत एका स्वमग्न मुलाला ते दिलं गेलं आणि तो पुढच्या काही आठवड्यांत बोलायला लागल्याचं त्याच्या आईच्या लक्षात आलं. १९९८ मध्ये हे टीव्हीवर आलं आणि हजारो आईबाप सिक्रेटिन शोधत फिरू लागले. पुढच्याच वर्षी एक चांगला प्रयोग झाला. ६० मुलं घेतली, निम्म्यांना सिक्रेटिन आणि निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं हे आईबापांना किंवा मोजणाऱ्यांना माहीत नव्हतं. सिक्रेटिनवाल्यांपैकी सुमारे ३० टक्के मुलं सुधारली. मिठाच्या पाण्यावरची २७ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. आणि हे सांगितल्यावरही त्यातल्या ६९ टक्के पालकांना सिक्रेटिन हवंच होतं. त्या पालकांना वेडं म्हणणारे मला आवडत नाहीत. त्यांनी पाहिलेली सुधारणा खरी होती. मिठाच्या पाण्यावरची मुलंही खरंच पुढं गेली होती, कारण मुलं वाढतात, आणि आशेनं बघणारी आई मुलाशी वेगळं वागते.

तुम्हाला सेंटरमध्ये भेटलेली आईही खोटं बोलत नाही. सहा आठवडे ती मुलाला घेऊन रोज रिक्षानं एकाच वेळी जाते, तासभर त्याच्यासमोर बसते, मोबाइल बाजूला ठेवते. त्याला नव्या माणसांची, नव्या जागेची सवय होते. बहुतेक सेंटरं त्याच काळात रोजची स्पीच थेरपीही जोडून देतात. मूल सहा आठवड्यांनी मोठंही झालेलं असतं. यातलं किती मशीनचं, हे आईला कळणं शक्य नाही. मलाही कळणार नाही. म्हणूनच आवाज तसाच, टकटक तशीच, पण मेंदूपर्यंत काही न पोचवणारी खोटी कॉइल लावून तुलना करावी लागते.

अशी तुलना केलेले प्रयोग आता हळूहळू येत आहेत. मेलबर्नला पीटर एन्टिकॉट यांच्या गटानं २०१४ मध्ये २८ प्रौढांवर केलेला प्रयोग त्यातला पहिला नाव घेण्यासारखा. खोलवर पोचणारी कॉइल, दोन आठवडे. खरी कॉइल लागलेल्यांनी सांगितलं की लोकांत मिसळताना आता बरं वाटतं, धास्ती कमी झाली. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायच्या चाचण्यांमध्ये मात्र फरक दिसला नाही. टोरांटोत १६ ते ३५ वयाच्या ४० जणांवर सेकंदाला वीस ठोक्यांच्या वेगानं दोन्ही बाजूंना उपचार करून बघितले, आखणी आणि काम करताना लागणारं तात्पुरतं स्मरण सुधारतं का म्हणून. २०२० मध्ये निकाल आला, खरी आणि खोटी कॉइल सारखीच. तैवानमध्ये ६ ते १७ वयाच्या ७८ मुलांवर कानामागच्या, चेहरे आणि हालचाली वाचणाऱ्या भागावर चार आठवडे उपचार झाले. तिथंही चार आठवड्यांनंतर खऱ्या-खोट्यात ठोस फरक निघाला नाही. सगळे प्रयोग एकत्र करून पाहणाऱ्यांना त्याच-त्याच हालचालींमध्ये आणि काही चाचण्यांमध्ये थोडा फायदा दिसतो, पण सोबत तेच लिहितात, की प्रयोग छोटे आहेत आणि बऱ्याच जागी खोटी कॉइलच नव्हती.

यातली वयं बघा. बोलू शकणारे, शांत बसू शकणारे, स्वतःला काय वाटतंय ते फॉर्मवर भरू शकणारे लोक. तुमचा लेक यांपैकी कुणासारखाच नाही. त्याच्या वयाच्या जवळ जाणारा एक प्रयोग थायलंडमध्ये झाला, तोही टीएमएसचा नाही, टीडीसीएसचा. दोन ओल्या स्पंजमधून एक मिलिॲम्पिअर इतका मंद प्रवाह रोज वीस मिनिटं, पाच दिवस, ५ ते ८ वयाच्या वीस मुलग्यांना. लक्षणांच्या मोजपट्टीवर गुण थोडे उतरले, पण तो फरक उपचार संपल्यावर थोड्याच दिवसांनी मोजलेला होता. पाच दिवसांच्या अशा प्रयोगावरून ३० सिटिंगचं पॅकेज कसं निघतं, ते मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

कॉइल कुठे धरायची यावरही अजून एकमत नाही. कुणी डाव्या कपाळामागे धरतं, कुणी दोन्हीकडे, कुणी दोन्ही अर्धांच्या मधल्या पट्टीवर, कुणी उजव्या कानाच्या वर, कुणी बोलण्याच्या भागावर, कुणी मानेजवळच्या लहान मेंदूवर. नैराश्यात आम्ही एक जागा धरून वर्षानुवर्षं काम केलं तेव्हा कुठे उपचार बसला. 'ऑटिझम' हे एकाच बिघाडाचं नाव नसल्यामुळं इथं ते जास्तच अवघड आहे. तुमच्या मुलाचं बोलणं मागे आहे, शेजारच्या मुलाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, तिसरा रात्रभर झोपत नाही. तिघांचं निदान एकच. सेंटरला विचारा की नक्की कोणती गोष्ट बदलणार, किती बदलणार, आणि बदलली हे कोण मोजणार. 'ओव्हरऑल इम्प्रूव्हमेंट' असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही.

ब्रेन मॅपिंगबद्दल दोन ओळी. लाल-निळ्या रंगांचं ते चित्र ईईजीवरून संगणक काढतो. ईईजी अपस्मारासाठी अतिशय कामाची तपासणी आहे. पण त्या रंगीत चित्रावरून ऑटिझमचं निदान होत नाही आणि कॉइल कुठे धरायची हेही ठरत नाही. साडेपाच वर्षांचं मूल टोपी घालून जरा मान हलवतं, दात खातं, डोळे मिचकावतं, आणि स्नायूंची ती सगळी वीज चित्रात लाल होऊन उतरते.

'साइड इफेक्ट नाही' हेही बरोबर नाही. डोकं दुखणं आणि डोक्याच्या कातडीला टोचल्यासारखं होणं नेहमीचं आहे, ते जातं. कॉइलचा कडकड आवाज कानाला इजा करण्याइतका मोठा असतो, म्हणून प्रत्येक सिटिंगला कानात बोळे हवेतच. कुकरच्या शिट्टीला कान झाकणारं मूल बोळे ठेवेल का, तुम्हीच सांगा. ते काढून फेकतं. डोकं वीस मिनिटं एका जागी राहत नाही, मग आई दोन्ही हातांनी धरते, आणि कॉइल सेंटिमीटरभर सरकली की दुसऱ्याच भागावर उपचार चालू होतो. मात्रा ठरवायची पद्धत म्हणजे अंगठा किती ताकदीला उडतो ते बघणं. लहान मुलांमध्ये कधीकधी मशीन पूर्ण ताकदीवर नेलं तरी अंगठा उडत नाही. मग मात्रा अंदाजानं ठेवतात. आणि आकडी. पेशंट नीट निवडला तर टीएमएसनं आकडी येणं फार दुर्मिळ आहे, मी स्वतः या अकरा वर्षांत पाहिलेली नाही. पण ही खात्री आधीच अपस्मार असलेल्या, किंवा तो आहे का हेच न तपासलेल्या मुलाला लागू होत नाही. माझ्याकडे एक सात वर्षांचा मुलगा आणला होता. बाहेर कुठेतरी चाळीस सिटिंग झाल्या होत्या, शेवटच्या आठवड्यात घरी पहिली मोठी आकडी आली. मशीनमुळं आली की येणारच होती, हे मी सांगू शकले नाही. आईला विचारलं, आधी कधी एकटक बघायचा का? ती म्हणाली, हो, बऱ्याच महिन्यांपासून. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तुमचं पत्र वाचताना मला ती बाई आठवली.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. बोस्टनमधल्या प्रयोगांत स्वमग्न प्रौढांना एकच छोटं सेशन दिलं, तर त्याचा परिणाम त्यांच्या मेंदूत इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकला. मुलांमध्ये तर काहींना शांत करणारे ठोके दिले आणि तो भाग उलट चेतला. म्हणजे मोठ्यांच्या नैराश्यावरून उचललेली मात्रा या मुलांच्या मेंदूत काय करेल, हे ढोबळ नियमानं सांगता येत नाही. त्याच बोस्टनमध्ये २००८ च्या सुमारास जॉन एल्डर रॉबिसन या स्वमग्न गृहस्थांनी अशा प्रयोगात भाग घेतला. एकाएकी लोकांच्या भावना त्यांना अंगावर आल्यासारख्या जाणवू लागल्या. त्यात सुख होतं, तसाच त्रासही होता, आणि त्या काळात आपलं लग्न मोडलं हेही त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. ते पन्नाशीचे होते, काय होतंय ते शब्दांत सांगू शकत होते, नको वाटलं तर उठून जाऊ शकत होते. दहा-बारा शब्दांच्या मुलाला आतून काय होतंय ते कुणाला कळणार?

घरगुती मशीन, म्हणजे बहुधा ते स्पंजवालं टीडीसीएसच, मुळीच आणू नका. स्पंज वाळला की कातडी भाजते. लहान मुलाची कवटी पातळ असते, त्यामुळं तोच एक मिलिॲम्पिअर त्याच्या मेंदूत मोठ्या माणसापेक्षा जास्त पोचतो. तारा उलट लागल्या तर चेतवायच्या जागी दाबलं जातं. संशोधनातही हे प्रशिक्षित माणसाच्या नजरेखाली करतात.

मग मी ऑटिझम असलेल्या कुणालाच टीएमएस देत नाही का? देते. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, स्वमग्न, बोलणारी, कॉलेज सोडून अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेली, दोन औषधं होऊन गेलेली. तिचा उपचार मी नैराश्यासाठी करते, तिची संमती घेऊन, आवाजाची सवय आधी चार दिवस करून. स्वमग्न मोठ्या मुलांत आणि प्रौढांत नैराश्य खूप असतं आणि ते ओळखलं जात नाही. तिथं मी काय बरं करायला निघाले आहे हे तिलाही माहीत असतं आणि मलाही. ती बरी झाली तेव्हाही ती स्वमग्नच होती, आणि तिला त्याची अडचण नव्हती.

यावरून आय कॉन्टॅक्टचं आठवलं. तुमच्या पत्रात तो शब्द आहे म्हणून विचारते: तो वाढायला का हवाय? मोठी झालेली अनेक स्वमग्न माणसं सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्रास होतो. नजर मिळाली म्हणजे मूल आपल्याशी जोडलं गेलं असं आपल्याला वाटतं, आईला तर वाटणारच. पण पाण्यासाठी तुमचा हात धरून नेणारं मूल तुमच्याशी जोडलेलंच आहे.

मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे, करून बघायला काय हरकत. हरकत अशी, की करून बघण्याची एक रीत ठरलेली आहे. कुणाला खरंच वाटत असेल की या वयात याचा उपयोग होतो, तर त्यांनी रीतसर चाचणी करावी. भारतात अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते, ती कुणालाही ऑनलाइन बघता येते. नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांप्रमाणं संशोधनाचा खर्च सहभागी कुटुंबाकडून घेता येत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांमध्ये मेंदूच्या अशा उपचारांवर गंभीर काम चालतं. उद्या तिथून किंवा आपल्याकडच्या एखाद्या मेडिकल कॉलेजातून चाचणीत घ्यायला बोलावलं, तर आकडीची शंका फिटल्यावर विचार जरूर करा, मीच तुम्हाला कागद वाचून दाखवीन. पैसे घेऊन केलेला प्रयोग मात्र प्रयोगही नसतो आणि उपचारही नसतो. स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारांबाबत आपण हे पाहिलं. कितीतरी कुटुंबांनी लाखो रुपये घातले, आणि मग डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं सांगितलं की ऑटिझमसाठी त्याची शिफारस करता येत नाही आणि त्याचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तोवर घातलेले पैसे परत आले नाहीत. त्या मुलांची ती वर्षंही आली नाहीत.

ते दीड लाख आणि ते सहा आठवडे कुठे घालायचे, ते आता सांगते.

गोव्यात 'संगात' या संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून एक चाचणी झाली, २०१६ मध्ये ती छापून आली. २ ते ९ वयाची ६५ स्वमग्न मुलं. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. बारा भेटी. प्रत्येक भेटीत आई आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ घ्यायचा, तो आईसोबत बसून बघायचा, आणि मुलानं कुठे काही सांगायचा प्रयत्न केला, आईनं तो कुठे ओळखला, कुठे निसटला, हे दाखवायचं. एवढंच. आया मुलाच्या सुरात सूर मिळवायला शिकल्या आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा काही सांगू लागली. दोघांनी मिळून एका गोष्टीवर लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट कमी भरला, हेही त्या गटानं लपवलं नाही. मला हा प्रयोग जवळचा वाटतो, कारण तो आपल्या घरांत, आपल्या आयांबरोबर झाला.

दुसरं, चित्रं. चित्रांवर किंवा टॅबवर बोट ठेवायला शिकवलं तर मूल बोलायचं सोडून देईल अशी भीती प्रत्येक आजीला असते. अमेरिकेत कॉनी कसारी यांनी २०१४ मध्ये ६१ अगदी कमी बोलणाऱ्या मुलांवर करून दाखवलं की खेळातून शिकवताना बोलणारा टॅब सोबत दिला तर मुलांचं तोंडानं बोलणंही जास्त वाढतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मराठीत आहे आणि फुकट आहे. तुमच्या स्पीच थेरपिस्टना ते दाखवा. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, हेही एकदा विचारून घ्या, यात कुणी रागावण्यासारखं काही नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. त्यावर केंद्र सरकारच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा मिळतो, थेरपीच्या खर्चाचाही काही भाग त्यात बसतो.

आणि माठ. उद्यापासून माठाजवळ, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, तुमच्याच घरातल्या त्याच्या पेल्याचा फोटो लावा. तो हात धरून तुम्हाला तिथं नेईल तेव्हा लगेच पाणी ओतू नका. मनात पाचपर्यंत मोजा, चेहऱ्यावर वाट बघणं दिसू द्या. मग त्याचंच बोट हलकेच फोटोला लावा, 'पाणी' एवढंच म्हणा, आणि लगेच द्या. 'काय पाहिजे बाळाला, सांग, पाणी म्हण, म्हण ना' असं नको, एकच शब्द. मिस्टरांनीही तसंच करायचं, आजीनंही. तो रडला तर पाणी देऊन टाका, तहानेची परीक्षा घ्यायची नाही. पहिले बरेच दिवस तो फोटोकडे बघणारही नाही. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या दिवशी तुमचा हात सोडून त्याचं बोट एकटंच तिकडे गेलं, तर तारीख लिहून ठेवा आणि मला कळवा. एकटक बघण्याचा व्हिडिओ मात्र याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.